अस्वलाचा अतिरिक्त कार्यभार

खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी जात विचारली नाही, लग्न झालं का विचारलं नाही, मटण-मासळी शिजवता का हेही विचारलं नाही. नवी नोकरी घेऊन खेड्यात आलेल्या एकट्या बाईला हे तीन प्रश्न हमखास येतात आणि त्यांची उत्तरं मी भंडाऱ्याहून येताना एस.टी.तच घोकून ठेवली होती. म्हाताऱ्याने विचारलं, "चालता येते काय?" मी म्हटलं, आता फाट्यावरून चालतच आले ना. तर ते उठले, अंगणात खडूने एक रेघ ओढली आणि म्हणाले, इथून दहा पावलं टाका, रोज टाकता तशी. राग आला होता मला. पण ऊन डोक्यावर होतं आणि गावात दुसरी खोली नव्हती. टाकली दहा पावलं. त्यांनी टेप लावली, दहाने भागलं, ओसरीच्या भिंतीवर कोळशाने आकडा लिहिला आणि आत आवाज दिला, "अवो, चाय ठेवा. मॅडमचं पाऊल सारखं पडते." खोली मिळाली.

गाव आसगावच्या पुढचं, पवनी तालुक्यातलं. तीन बाजूंना धानाच्या बांध्या आणि चौथ्या बाजूला कालवा. मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नवी मास्तरीण. घरमालक मोजणीदार म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून दिल्या, हद्दीच्या खुंट्या ठोकल्या. गाव त्यांना मोजणीवाले म्हणायचं. मी काकाजी म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकूजी. घराणं पवनीच्या कोष्ट्यांचं, वडील मागावर बसणारे. खिशात गुंडाळी टेप, कानावर पेन्सिल, पायात टायरच्या चपला. न मोजता त्यांना काही दिसतच नसे. समोरच्या दोन बायका भांडायला लागल्या की हे ओसरीत बसून डोळ्याने मधलं अंतर मोजायचे आणि मला सांगायचे, बारा फूट आहे, दहाच्या आत आल्या की जाऊ सोडवायला.

दर रविवारी पहाटे मला त्यांच्याबरोबर रानात जावं लागे. ही भाड्याची अट होती, आणि ती मला सामान लावून झाल्यावर सांगितली गेली. काकूजी माझी कीव करायच्या. म्हणायच्या, माया नवरा रिटायर झाला न दुसऱ्याच दिवशी जंगलात बिनपगारी लागला, आता तुमालेही लावलं बाप्पा.

रान म्हणजे तरी काय! कालव्याने मोठ्या जंगलातून कापून अलीकडे टाकलेला एक तुकडा. तासाभरात फिरून होई. काकाजी त्याला तुकडाच म्हणत. मोजणी खात्यात शेताच्या लहान वाटणीला तुकडा म्हणतात आणि एका मर्यादेपेक्षा लहान तुकडा पाडायला कायद्याने बंदी असते. यावर त्यांचा फार राग. म्हणायचे, शेताले तुकडेबंदी हाय, रानाले काहून नाही?

वरून पाहिलं तर तुकड्यात काही कमी नव्हतं. मोह होते, बिजा होता, तेंदू होते, चारोळीची जुनी झाडं होती. मी पहिल्याच रविवारी म्हणाले, काकाजी, चांगलं घनदाट आहे की. त्यांनी मला खाली बसवलं, अगदी उकिडवं, आणि म्हणाले, आता लेकरं दाखवा. झाडं नको, लेकरं. मी शोधू लागले. मोहाखाली मोहाचं पिल्लू नाही. चारोळीखाली चारोळीचं नाही. होती ती रानतुळस, तरोटा, घाणेरी. गुडघ्याएवढं म्हणावं असं एक रोप अर्ध्या तासात सापडलं नाही. अशी गावं असतात ना, सगळे म्हातारे, पाळणा कुणाकडेच नाही, तसं ते रान होतं. हे एकदा दिसलं की मग दिसतच राहतं, आणि मला त्या दिवशी परत येताना उगाच उदास वाटलं.

पावसाळ्यात मात्र गंमत असे. आषाढात कोंब यायचे. काकाजींनी माझ्याकडून शाळेतला एक कोरा हजेरीपट मागून घेतला होता. त्यात नावांच्या जागी त्यांनी रोपं लिहिली: क्रमांक एक, चारोळी, क्रमांक दोन, मोह, क्रमांक तीन, बिजा. जागा लिहायची ती माझ्या पावलांनी. अमुक मोहापासून उगवतीला मॅडमची एकोणीस पावलं. त्यांची स्वतःची पावलं गुडघेदुखीने लहान-मोठी पडू लागली होती. म्हणून तर त्यांना सारखं पाऊल पडणारी भाडेकरू हवी होती! तर रविवारी मी पावलं मोजायची, त्यांनी वाकून रोप पाहायचं आणि हजर किंवा गैरहजर लिहायचं. आषाढात वर्ग भरलेला. दिवाळीपर्यंत अर्धा. फाल्गुनात मोहफुलं वेचायच्या आधी बायका झाडाखालचा पाला जाळत, म्हणजे फुलं स्वच्छ जमिनीवर पडावीत. सारा गाव असंच करतो, काकूजीही करायच्या. त्यात आणखी काही जात. उरलेली बकऱ्यांच्या पोटात. आणि मे महिन्यात सगळा रकाना गैरहजर. तेव्हा शाळेत कोणाला नापास करायचं नाही असा नियम निघाला होता. काकाजी म्हणाले, तुमच्या शाळेत कोणी नापास होत नाही, माया शाळेत कोणी पास होत नाही. शेऱ्याचा रकाना त्यांनी कोराच ठेवला होता. म्हणायचे, शेरा द्यायची वेळच येत नाही.

असं का होतं, हे त्यांनी मला कधी एका बैठकीत सांगितलं नाही. ते एक एक करून दाखवायचे. एकदा काकूजींच्या जुन्या लुगड्याच्या तीन सारख्या पट्ट्या घेतल्या, सारख्या ओल्या केल्या. एक टांगली तुकड्याच्या कडेला, दुसरी तुकड्याच्या अगदी मध्यात, तिसरी कालव्यापलीकडच्या मोठ्या जंगलात. पूल अर्ध्या कोसावर, म्हणजे माझी किती पायपीट झाली ते विचारू नका. कडेची पट्टी वाळली. मधलीही जवळजवळ तेव्हाच वाळली. पलीकडची आम्ही परत काढायला गेलो तरी ओलसरच होती. काकाजींनी ती माझ्या गालाला लावली. बांध्यांवरून येणारी गरम हवा तुकड्यात आरपार जाते, कोंबाला ओल पुरत नाही, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. मग त्यांच्यातलं कोष्ट्याचं पोर बोललं: लुगड्याचा काठ काठ राहिला मॅडम, अंग गेलं.

अस्वलाचं प्रकरण मला उन्हाळ्यात कळलं. मे महिन्यात चारोळीची फळं पिकतात, काळी, बोराहून लहान, गोड. आम्ही पलीकडच्या जंगलात गेलो, फळं वेचली, आणि काकाजी तोंडात टाकत चालू लागले. पुलावरून अलीकडे आले आणि तुकड्यात शिरल्यावर बिया थुंकू लागले. दहा पावलं, एक बी. वीस पावलं, एक बी. मला म्हणाले, तुम्हीपण थुंका. मी म्हटलं, काकाजी, मी शिक्षिका आहे. तर म्हणाले, इथं नाही. इथं तुम्ही अस्वलाच्या जागी आहा.

अस्वलं चारोळी खातात आणि चालता चालता बी दूर नेऊन टाकतात. कालवा झाल्यावर अस्वल अलीकडे यायचं बंद झालं. सिमेंटचे उभे काठ, उतरलं तर चढता येत नाही. पुलावर माणसं. मग तुकड्यातल्या चारोळीची फळं आईच्याच पायाशी पडायची, तिथेच किडायची. "अस्वलाची बदली झाली," काकाजी म्हणाले. "नवीन माणूस येईपर्यंत चार्ज मायाकडे." सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस, त्यात विनोद करतो आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं. मोहाची फळं दूर नेणाऱ्या वटवाघळाचा चार्जही त्यांनीच घेतला होता. मोहाच्या बिया पिशवीत भरून या झाडाच्या त्या झाडाखाली नेऊन टाकत. अस्वलासारखं बी पोटातूनच गेलं पाहिजे की नुसतं तोंडातून चालतं, यावर त्यांनी काही दिवस स्वतःवर प्रयोग केले, असं काकूजी म्हणाल्या. त्याबद्दल मी जास्त विचारलं नाही.

आमच्या जिल्ह्याचे दोन झाले, गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा काकाजी नोकरीत होते. कपाटातले नकाशे वाटून गोंदियाच्या वाट्याचे गठ्ठे त्यांनीच बांधले होते. ती गोष्ट ते नेहमी सांगत. म्हणायचे, लोकं उगाच रडत होते जिल्हा तुटला म्हणून. काय तुटलं? तिकडच्या पोरी इकडं देतेत, इकडच्या तिकडं. सोयरिका चालूच हायेत. रान तुटलं की सोयरीक तुटते. तिकडच्या झाडाचं बी इकडं येत नाही, इकडचं तिकडं जात नाही. झाडासाठी कोणी एस.टी. सोडते काय?

आणि हे तोडणारा माणूस कोण होता, तर तेच. कालव्याची आखणी झाली तेव्हा मोजणीला काकाजी होते. लाल टोकाच्या खुंट्या त्यांच्या हाताने शिवारात ठोकल्या गेल्या, आणि ज्या वावरात लाल खुंटी उभी राहिली ते वावर गेलं. हे गावातलं सगळं माणूस जाणत होतं. मला एवढंच ठाऊक होतं की वच्छलाबाई नावाची एक बाई आमच्या दारावरून जाताना मान फिरवते. पन्नाशीची, उंच, खणखणीत आवाजाची, बकऱ्या पाळणारी. तिचं वावर कालव्याने मधोमध कापलं होतं. घराजवळचा अर्धा भाग अलीकडे, दुसरा पलीकडे, आणि रोवणीच्या दिवसांत तिला चिखलाने माखलेल्या पायांनी पुलाचा फेरा मारून पलीकडे जावं लागे. काकाजी रोज तिला "जयभीम बाई" म्हणायचे. ती रोज उत्तर द्यायची नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षी एक नवल घडलं. सतरा नंबरची चारोळी मे ओलांडून गेली. आम्ही थुंकलेल्या बियांतली ती. त्या आधीचा मेही तिने काढला होता, पण तेव्हा बोटभर होती, काकाजींनी नजर लागेल या धाकाने कोणाला सांगितलं नाही. आता गुडघ्याला लागत होती. काकाजी तिच्यापुढे उकिडवे बसून राहायचे. त्यांचं आता सगळं त्या एका रोपावर येऊन थांबलं होतं. मला म्हणाले, हे एक कमरेएवढं झालं ना मॅडम, तर मी समजीन का रान अजून मेलं नाही. आपण मारलं नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. मला ते तेव्हा पुरतं उमगलं नव्हतं.

आणि मग मी घोळ घातला. खरं सांगते, मला पावलं मोजायचा कंटाळा आला होता. पावसात गवत कमरेएवढं, काकाजींच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, एक रोप शोधायला अर्धी सकाळ जायची. मीच म्हणाले, काकाजी, प्रत्येक रोपाजवळ एक खुंटी ठोका आणि वर लाल रंग द्या, म्हणजे गवतात लांबून दिसेल. त्यांनी एका शब्दानेही नको म्हटलं नाही. खुंटी म्हणजे त्यांचा हातच. आपल्या हाताची कोणाला भीती वाटते? चाळीसेक खुंट्या त्यांनी तासल्या, लाल टोकं मी रंगवली, क्रमांक मी घातले. माझं अक्षर चांगलं आहे.

आठवडाही गेला नाही. गवत कापायला गेलेल्या बायकांनी खुंट्या पाहिल्या. मोजणीवाल्याने पुन्हा खुंट्या ठोकल्या, लाल, नंबर घालून, कालव्यापासून गावाकडे. अजून काय हवं होतं? गावात बोभाटा झाला की पोटकालवा येतो आहे, राहिलेल्या बांध्याही जाणार. माझ्या कानावर आलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मोजणीवाल्याच्या घरात राहणाऱ्या बाईला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघत होते. वीस-पंचवीस बायका अंगणात आल्या, पुढे वच्छलाबाई, डोक्यावर भारा. तिने भारा अंगणात आपटला. सगळ्या खुंट्या होत्या. चिखलासकट उपटलेल्या.

"घ्या तुमच्या खुंट्या," ती म्हणाली. "एकदा कापलं, पोट नाही भरलं काय तुमचं?"

काकाजी ओसरीतून उतरले. ते खुंट्यांकडे पाहतच नव्हते. भाऱ्यात हात घालून त्यांनी काहीतरी हळूच ओढून काढलं. सतरा नंबर. खुंटीला धरून कोणीतरी रोपही उपटलं होतं. पानं अजून ताजी होती, मूळ मध्येच तुटलेलं. ते दोन्ही तळव्यांवर घेऊन उभे राहिले. मी त्या माणसाला रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही नीट पाहवलं नाही, मी तोंड भिंतीकडे केलं. लाल रंगाचा डबा अजून तिथेच कोपऱ्यात होता.

मीच मग बोलायला गेले की अहो, या जमिनीच्या खुंट्या नव्हत्या, रोपांच्या होत्या, आणि रंगवायचं मी सुचवलं. कोणी ऐकून घेईना. वच्छलाबाई म्हणाली, तोंडी नको, लेखी द्या. तिच्या सासऱ्याला कालव्याच्या वेळेस सगळ्यांनी तोंडीच सांगितलं होतं की तुमचं वावर वाचेल.

काकाजींनी कागद मागितला. ओसरीवर बसून लिहिलं, आणि गावाने मला वाचायला लावलं. मी वाचलं: "मी खाली सही करणार लिहून देतो की, यापुढे तुकड्यात किंवा गावच्या शिवारात एकही खुंटी ठोकणार नाही. ठोकलेल्या खुंट्या जमिनीच्या नव्हत्या. तरी गावाला भीती वाटली, ती वाजवी आहे." खाली सही. सहीखाली जन्माच्या सवयीने हुद्दा: मोजणीदार, सेवानिवृत्त. आणि त्याच्याखाली, अतिरिक्त कार्यभार: अस्वल.

तेही मी वाचलं. वाचल्यावर जीभ चावली. कोणी हसलं नाही. वच्छलाबाईने विचारलं, अस्वल कायले?

काकाजी रोप हातात घेऊनच बोलले. "वच्छलाबाई, कालव्याच्या येळेस समद्या गावानं हरकती देल्ल्या. तुमच्या सासऱ्यानंही देल्ली. म्या त्या वाचल्या, अन् साहेबाले सांगून रेघ जमली तेवढी रानाकडं सरकवली. रानाकडून कोणी हरकत घ्यायले आलं नाही न. तरी तुमचं वावर कापल्या गेलंच, अन् रानही कापल्या गेलं. तवापासून इकडं अस्वल येत नाही. म्हणून त्याचं काम मी करून राहिलो. तिकडचं बी इकडं आणतो. हे एक लागलं होतं."

मग वच्छलाबाईने पुढे होऊन ते रोप पाहिलं. पान चोळून वास घेतला. तिने विचारलं, हे आता लावलं तर जगल काय? ते म्हणाले, नाही, मूळ तुटलं. तिने कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि बायकांना घेऊन निघून गेली. माफी कोणी मागितली नाही, आणि मागायची तरी कोणी कोणाची?

पण दोन-चार दिवसांनी ती काकूजींकडे ताक मागायला आली. इतक्या वर्षांत प्रथमच. ताकाचं निमित्त होतं हे काकूजींनाही कळलं. उंबऱ्याशी बसून ती मला सांगू लागली की तिचं माहेर पलीकडच्या जंगलाकाठचं. लहानपणी चारोळ्या वेचायला जायच्या तेव्हा अस्वलाच्या विष्ठेत चारोळीचे कोंब फुटलेले दिसत, झुपकाच्या झुपका. तिची आजी म्हणे, त्याले पाय लावू नका पोरी हो, अस्वलानं पेरलं हाय. हे सांगून तिने ताक तसंच ठेवलं आणि उठून गेली. काकाजी आत झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत होते.

पुढच्या वर्षी माझी बदली तुमसरला झाली. सामान टेम्पोत चढलं होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि काकाजी हजेरीपट घेऊन बाहेर आले. म्हणाले, मॅडम, जाण्याआधी चार्ज घ्या. माया आता किती दिवसाचा भरवसा? निदान सुट्टीत येत जा. मी घाईत होते. मी हसून म्हटलं, काकाजी, मी काय अस्वल आहे? त्यांनीही हसल्यासारखं केलं आणि हजेरीपट काखेत धरून टेम्पो वळेपर्यंत उभे राहिले. हे आठवलं की मला अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तुमसरला मी राइस मिलच्या भोंग्यावर उठायला शिकले, लग्न केलं, एक पोरगी झाली. सुट्टीत जाईन जाईन म्हणत गेले नाही. एका हिवाळ्यात काकूजींच्या पुतण्याचा फोन आला की काकाजी गेले. शाळेच्या तपासण्या होत्या, पोरगी तान्ही होती. कारणं माणसाला कधी कमी पडत नाहीत. मी गेले ती थेट मे महिन्याच्या शेवटी.

काकूजी वाळल्या होत्या, पण बोलणं तसंच होतं. ओसरीच्या भिंतीवर माझ्या पावलाचा कोळशाचा आकडा होता. चुना देताना तेवढी जागा काकाजींनी सोडायला लावली होती म्हणे; मी गेल्यावरही टेपने मोजलेलं अंतर ते त्याच आकड्याने भागत. चहा झाल्यावर त्यांनी हजेरीपट आणून माझ्या मांडीवर ठेवला. मी उघडला. शेवटच्या पानावर काकाजींच्या मोडक्या अक्षरात चार्जची यादी होती: अस्वल, एक. वटवाघळं, मोजलेली नाहीत. चारोळी क्रमांक एकतीस, जुन्या मोहापासून उत्तरेला, मॅडमची चौतीस पावलं. खाली "चार्ज दिला" आणि त्यांची सही. त्याच्यापुढे "चार्ज घेतला", आणि बचत गटात सही करायला शिकलेल्या बायकांची असतात तशी मोठी मोठी, एकमेकांना धरून उभी असलेली अक्षरं: वच्छला.

एकतीस नंबरपुढे महिन्यांचे चौकोन होते. काकाजींच्या हाताचे "हजर" एका ठिकाणी संपत होते आणि तिथून पुढे नुसती टिंबं होती, दर महिन्याला एक, एकही न चुकता. मी बोट ठेवून मागे मोजत गेले. मधे दोन मे येऊन गेले होते. हा तिसरा.

वच्छलाबाई दारातच उभी होती. मी आले हे गावाने तिला सांगितलं असणार. "चला, पाहून घ्या," म्हणाली. हजेरीपट काखेत धरून मी निघाले. वाटेत तिनेच सांगितलं की जुन्या मोहाखाली ती आता पाला जाळत नाही, खराट्याने झाडून घेते. बाकी बायका हसल्या, मग त्यांतल्या दोघींनी तेच सुरू केलं. बकऱ्या ती दुसऱ्या अंगाने नेते. चालता चालता ती तोंडातली बी एका बाजूला थुंकली, आणि ओच्यातून मूठभर काळी फळं काढून माझ्या हातावर ठेवली.

जुन्या मोहाशी आम्ही थांबलो. ती मागेच राहिली. मला कळलं की तिला मी मोजायला हवं आहे. मी उत्तरेकडे तोंड केलं. पहिलं पाऊल टाकताना वाटलं, आपली चाल आता तीच राहिली असेल का? एक, दोन, तीन. गवत वाळलेलं होतं. सतरावर आले तेव्हा जरा थांबले. मग पुढे निघाले. बत्तीस, तेहतीस, चौतीस, आणि चौतिसावं पाऊल जिथे पडलं तिथून हातभर अंतरावर, खुंटी नाही, कुंपण नाही, एवढ्या उन्हाळ्यात चारोळीचं एक झाड हिरवंगार उभं होतं. माझ्या कमरेला लागत होतं.

मागून वच्छलाबाईने विचारलं, "हजर हाय न?"

मी मान हलवली, पर्समधून पेन काढलं आणि तिथेच उकिडवी बसले. एवढ्या वर्षांत कोरा राहिलेल्या शेऱ्याच्या रकान्यात, एकतीस नंबरपुढे, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: वरच्या वर्गात घातला. मग हजेरीपट वच्छलाबाईला परत दिला आणि हातातली फळं तोंडात टाकली.